दुपारच्या घंटेचा फोटो

मल्लमपेठा, सिरोंच्याच्या पुढे
१८ जानेवारी १९८७

सत्यशीला बाईले श्रावणचा जय भीम.

या पाकिटात दोन कागद आहेत. हा पहिला कागद बाबाजवळ बसून मोठ्यानं वाच. दुसरा चुलीजवळ नेऊन एकटी वाच.

बाबाले सांग, मी मजेत आहे. चंद्रपूरच्या वासेकर भाऊच्या फोटो स्टुडिओत लागलो आणि दिवाळीपासून तिथीच टिकून आहे. गडचांदूरले सिमेंटच्या बोऱ्या उचलत होतो तवाचा खोकला पुरा गेला. सध्या एका जुन्या इमारतीचे फोटो काढाचं मोठं काम आलं, म्हणून भाऊ आणि मी गोदावरीच्या काठावर या गावात येऊन राह्यलो. इमारत शंभराच्या वर वर्षाची आहे. खांब, छत, दरवाजे, सारं सागाचं. आलापल्लीच्या पुढे एस.टी. जंगलातून चालली तवा मले बाबाच आठवले. रेल्वेत जन्मभर जे स्लीपर त्याईनं रुळाखाली घातले, ते याच जंगलातले असतीन.

इथले लोक तेलगू बोलतात. मी हिंदी बोलतो, ते तेलगू बोलतात, काम होऊन जाते. भातावर चिंचेचं तिखट सार देतात. पहिल्या दिवशी कानातून धूर निघाला, आता बिगर त्याच्या जेवण जात नाई.

तब्बेतीले जपा म्हणावं. विहाराच्या टिना वाऱ्यानं हालत होत्या, त्यावर गोटे ठेवले का?

तुमचा श्रावण

दुसरा कागद

बाई, ती इमारत म्हणजे चर्च आहे. बाबाजवळ बोलू नको.

बाबाचं तुले मालूम आहे. छप्पन साली नागपूरहून दीक्षा घेऊन आले तवापासून माणूस पाऊस लागला तरी देवळाच्या ओसरीत उभा राहत नाई. भिजत घरी येते. आणि माहा आता धंदा असा का रोज सकाळी चर्चात शिरतो आणि दिवस बुडताना निघतो. फोटो काढाले जातो, पण हे ऐकाले बाबा थांबतीन का? चर्च म्हटलं का उठून विहारात झाडू माराले चालले जातीन. त्याईनं शब्द टाकून लावलेली आश्रमशाळेतली शिपायाची नोकरी मी सोडली, तवापासून माह्याशी बोलतच नाईत. "एका जाग्यावर बसत असशील तर घरी ये" म्हणाले होते, तेच शेवटचं. आता अजून एक कारण त्याईच्या हाती काऊन देऊ?

पण तुले सांगितल्याबिगर राहवत नाई, इतकं ते आतून भारी आहे.

आत पाय ठेवला तवा पहिले काईच दिसलं नाई. खिडक्या लहान, इकडच्या उन्हासाठी तशा ठेवल्या असतीन. नाकात फक्त ओल्या लाकडाचा आणि मेणबत्तीचा वास. मंग डोळे बसले आणि मी वर पाह्यलं. बाई, छतावर निळा रंग, आणि दर तुळईखाली लाकडात कोरलेला एकेक देवदूत. कोण्या विलायती पाद्र्यानं हे चर्च बांधलं म्हणतात, पण कोरणारे सुतार इथलेच होते. त्याईनं देवदूत कधी पाह्यले होते? जे पाह्यलं होतं ते कोरलं. पंख नीलकंठाचे. गळ्यात इकडच्या बाया घालतात तशी जाड हासळी. एकाच्या पायाजवळ मोहाचे फुलं पडलेले. एकाचे तर दात पुढे आहेत. कोणाचे तरी जावई असतीन.

गेल्या पोळ्याच्या आधी गोदावरी चढली तवा आत छातीइतकं पाणी होतं. पाणी उतरलं, पण लाकूड फुगलं आणि वाळवी चढली. आता छत उतरवून टिना टाकणार आहेत. इथले फादर कुरियाकोस म्हणून आहेत, केरळचे, पायात रबरी चप्पल आणि सायकलवर फिरणारे. ते वासेकर भाऊले म्हणाले, "उतरवाच्या आधी आतलं सब कुछ फोटोत ठेवून द्या. हमारे बाद जो आयेंगे, त्याईनं काय पाहाचं?"

हे काम जिल्ह्यातल्या कोण्या मोठ्या स्टुडिओले भेटलं नाई. आमाले भेटलं.

तुझा भाऊ श्रावण


मल्लमपेठा
६ फेब्रुवारी १९८७

बाई, जय भीम.

तुझं पत्र पोस्टमननं चर्चातच आणून देलं. त्याच्याच बाजूले बसून वाचलं आणि डोकं गरम झालं.

म्हणजे आपल्या गावच्या मुखरू मुकडदमानं मले पाह्यलं. लाकडाच्या ट्रकावर तो सिरोंच्याले आला असंन, आणि मी बाजारात फादरच्या सायकलवर मांगं बसून होतो. खरी गोष्ट आहे. फादरले माती तेल पाहिजे होतं आणि मले साबण. त्याच्यावरून या मुखरूनं वडशाले जाऊन सांगतलं का रामाजीचा पोट्टा इसाई झाला, पाणी घेतलं, नाव बदललं! नाव काय ठेवलं म्हणते? निदान तेवढं तरी विचारून ठेवाचं होतं, मलेही समजलं असतं.

तू लिहिलं का बाबा जेवणावरून उठले. आणि दुसऱ्या दिवशी फक्त इतकं म्हणाले, "ज्यानं धम्म सोडला त्याले परत या घरात जागा नाई." बाई, मी काई सोडलं नाई. पण आता चिठ्ठीत लिहून काय होते? आधीच चर्चाचं लपवलं, आता सांगतलं तर लपवलं काऊन म्हणतीन. तू एवढंच सांग का मुखरू खोटा आहे. बाकी मी येऊन बोलीन. बोलू देतीन तर.

आता कामाचं ऐक. हे मात्र मोठ्यानं वाचलं तरी चालंन, चर्च म्हणू नको, इमारत म्हण, आणि फादर, देवदूत गाळून टाक.

पहिले भाऊनं लग्नात मारतो तसा फ्लॅश मारला. फादरच्या धान्याच्या खोलीले कांबळ्या लावून आम्ही अंधारखोली केली, तिथीच फिल्म धुतली. पाहतो तर समोरचे बाक चुन्यासारखे पांढरे आणि वरतं ठार काळं. देवदूत कुठीच नाईत. इथली लाइट म्हणजे बल्ब पेटला का नाई हे पाहाले कंदील न्यावा लागते. भाऊ दोन दिवस नुसते बिड्या ओढत बसले. मंग म्हणाले, "श्रावण, दोन आरसे आण."

फादरनं आपल्या कपाटाचा आरसा काढून देला. दुसरा न्हाव्याच्या दुकानातून. बाहेर अंगणात पोचय्या उभा राहते, तो इथला घंटा वाजवणारा म्हातारा. तो मोठ्या आरशानं ऊन पकडून दारातून आत फेकते. आत मी लहान आरशावर ते झेलतो आणि छतावर फिरवतो. क्यामेरा तिपाईवर. भाऊ त्याचं झाकण उघडून ठेवतात, मिनिट दोन मिनिट, कधी जास्त. तेवढा वेळ मी आरसा घेऊन चालत राहाचं. थांबलो तर एका जाग्यावर ऊन जळते आणि बाकी काळं राहते. चुन्याचा हात मारल्यासारखा उजेड मारत जाचा, साऱ्याले सारखा.

आता यातली गंमत ऐक. मी क्यामेऱ्याच्या समोरून जातो, इकडून तिकडून, बाकाच्या मधातून, आणि फोटोत कुठीच येत नाई! पहिला फोटो धुतला तवा मी भाऊले म्हणालो, "भाऊ, मी कुठी गेलो?"

भाऊ म्हणाले, "जो हालते तो येत नाई बे. तू तर जन्माचाच हालता. तुझ्यासारखा गडी मले ढुंढूनही भेटला नसता."

बाई, हे बाबाले नक्की वाचून दाखव. तेंदूपत्ता गोळा कराच्या फडीवर मुनशी बोंबलत होता का हा पोट्टा बसत नाई. शाळेत गुरुजी तेच. आश्रमशाळेत तर स्टुलावर बसाचीच नोकरी होती, मरून गेलो असतो. इथी मले फिराचेच पैसे भेटतात, आणि चांगला फिरतो म्हणून शाबासकी वेगळी. आतापर्यंत सहा देवदूत काढले. असे आले का त्याईच्या पंखावरची रेघ न रेघ मोज. फादर फोटो हातात घेऊन खाली बसले. म्हणाले, "पंद्रह साल से इनके नीचे खडा हूँ, इसका दाँत आज देखा."

पोचय्या मात्र माह्यावर जळते. म्हणते, "तू आतमधे सावलीत नाचते, मी बाहर धूप में पापड."

तुझा श्रावण


मल्लमपेठा
२२ फेब्रुवारी १९८७

बाई,

हे पत्र वाचून फाडून टाक. नाई, फाडू नको. तू पाह्य कसं कराचं ते.

काल एक गोष्ट झाली. वेदीच्या वरचा कोपरा बाकी होता. तिथी सगळ्यात मोठा देवदूत आहे, दोन्ही पंख उघडलेला. तिथी ऊन पोचवाले दुपारच पाहिजे, कारण सकाळचं ऊन दारातून तिरपं येते. म्हणून आम्ही बारा वाजाच्या थोडं आधी मांडामांड केली. चार-पाच बाया भिंतीले टेकून तमाशा पाहाले बसल्या होत्या, त्याईले भाऊनं सांगतलं, "बाया हो, तिथीच अंधारात बसा, उजेडात येऊ नका." भाऊनं झाकण उघडलं. पोचय्यानं ऊन फेकलं. मी चालाले लागलो.

आणि घंटा वाजली.

दुपारच्या बाराले इथी घंटा होते. रोज पोचय्या वाजवते, पण तो आरसा धरून होता म्हणून त्याच्या बायकोनं वाजवली. घंटा झाली का इथले लोक जिथी असतीन तिथी उभे राहतात आणि प्रार्थना म्हणतात. वावरात असतीन तर वावरात. हे मले मालूम होतं, पण रोज त्या वेळेले आम्ही जेवाले गेलेले राहत होतो. त्या बाया उठल्या. फादर पाहाले आलेच होते, ते पुढून सुरू झाले, बाया मांगून म्हणू लागल्या. सारं तेलगूत, एका सुरात, हळू.

आता माह्या आंगाले काय झालं ते सांगतो. आरसा आपोआप खाली गेला आणि बाकाले टेकला. पाय जुळले. हात जुळले. मान खाली गेली. आपल्या विहारात पौर्णिमेले वंदना सुरू झाली का बाबा मांगं उभे राहतात, आणि कोणी पोट्टा चुळबुळला का त्याच्या मानेवर दोन बोटं ठेवतात, बोलत काई नाईत. तू पोरगी होती म्हणून तुले कमी बसले असतीन. मले ते दोन बोटं लागले. खरोखर मानेवर लागले बाई. लोक उभे राहून काई म्हणत आहेत आणि मी मधातून आरसा नाचवत फिरून राह्यलो, हे माह्या पायालेच जमलं नाई.

भाऊ क्यामेऱ्याजवळ डोक्यावरची टोपी काढून उभे. तोंडानं बोलता येत नाई, म्हणून डोळ्यानं मले शिव्या देऊन राह्यले. मी मान वर केलीच नाई तर दिसंन कसं? प्रार्थना सरली, बाया बसल्या, तवा मले एकदम आठवलं का झाकण उघडं आहे.

भाऊ म्हणाले, "अबे, साऱ्या दुनियेले गायब केलं आणि स्वतः मधात खांबासारखा उभा! नवरदेव आहेस का बे?"

रील तिथीच सरली होती. उद्या पुन्हा काढू म्हणाले. पण आज पहाटपासून आभाळ, आणि छत उतरवणारे सुतार नदीपलीकडून बांबू घेऊन हजर. दुपारपर्यंत तर त्याच कोपऱ्याखाली त्याईनं बल्ल्या बांधल्या. आता त्या देवदूताचा तोच एक फोटो.

आणि तो फोटो मघा धुतला.

बाया भिंतीजवळच्या अंधारात गेल्या. फादर पाठमोरे, अर्धे खांबामागं. पण आरसा ज्या बाकाले टेकला होता, तिथून ऊन सरळ वर गेलं आणि त्या देवदूतावर थांबून राह्यलं. बाई, असा उजेड मी हातानं जन्मात मारू शकलो नसतो. पंखाचं एकेक पीस उठून आलं. आणि त्याच उजेडाचा कवडसा खाली माह्यावर. पांढरा सदरा, जोडलेले हात, वाकलेली मान. मुखरूनं वडशाले जे सांगतलं, तेच कोणीतरी छापून देल्यासारखं.

भाऊनं फोटो कंदिलाजवळ नेऊन पाह्यला. मंग म्हणाले, "लेका, आतापर्यंतच्या धंद्यातला माहा हा सगळ्यात चांगला फोटो आहे. आणि तो तुह्या चुकीनं आला."

मले हसावं का रडावं समजत नाई. बहुतेक हसलो.

श्रावण


चंद्रपूर
१५ मार्च १९८७

बाई, जय भीम.

आम्ही स्टुडिओत परत आलो. छत पुरं उतरलं. देवदूत खाली काढले तवा तीन तर हातात भुसा होऊन आले, नुसता वरून रंग आणि आतून वाळवी. उघड्या पंखाचा तो मोठा त्यातलाच एक. पोचय्या त्याचा भुसा टोपल्यात भरत होता आणि मले म्हणाला, "तू बच गया, ये गया." आता तिथी वर टिना आहेत आणि आतमधे लय उजेड. पाहासारखं काई राह्यलं नाई.

म्हणून तो फोटो आता पहिल्यापेक्षा मोलाचा झाला आहे. फादर मागच्या आठवड्यात स्टुडिओत आले. त्याईचे वरचे लोक पुढच्या सालचं कॅलेंडर छापणार आहेत, त्यावर हाच फोटो पाहिजे म्हणतात. बाई, ते कॅलेंडर आपल्याकडच्या मिशनच्या दवाखान्यात लागते. तू पाह्यलं असशील, सुईच्या खोलीत. वडशाचा अर्धा बाजार तिथी सुई घ्याले जाते. म्हणजे मी तिथी सालभर हात जोडून उभा राहणार आणि येणारा जाणारा म्हणणार, हा पाहा रामाजीचा.

फादरले मी सगळं सांगतलं. बाबाचं, मुखरूचं, घराचं. त्याईनं ऐकून घेतलं. मंग म्हणाले, "श्रावण, चेहरा तुझा आहे. तू नाही म्हणशील तर हम दूसरा छापेंगे. पण मला दुसरा आवडणार नाही, ये भी सुन ले." चहा घेतला आणि गेले.

वासेकर भाऊनं त्यावर तोड काढली. नवरदेवाच्या तोंडावरचे फोड भाऊ निगेटिव्हवर ब्लेडनं असे खरडतात का सासूलेही पत्ता लागत नाई. म्हणाले, "तुले काढून टाकतो. मांगं बाकच आहेत, बाक जोडून देतो. देवदूत राहीन, तू जाशील, तुह्या बापालेही शांती." आणि निगेटिव्ह काचेवर ठेवून, खालून दिवा लावून, ब्लेड माह्याच हाती देलं. "तूच कर. हात बसंन."

मी बसलो. निगेटिव्हमधे सारं उलटं दिसते. माहा पांढरा सदरा काळा झालेला, उजेड काळा, अंधार पांढरा. बोटाच्या पेराएवढा मी. ब्लेड टेकवलं असतं तर दोन-चार हातात साफ.

मी तिथी कोणाचं चोरून घेत नव्हतो. कोणाच्या घरात रात्री शिरलो नव्हतो. कामाले गेलो होतो, आणि ते काम मी जसं केलं तसं चंद्रपुरात कोणालेच येत नाई, हे भाऊ स्वतः गिऱ्हाइकाले सांगतात. सिमेंटच्या बोऱ्या उचलल्या, त्या कुठी गेल्या मले मालूम नाई. तेंदूचे पुडके बांधले, कोणाच्या बिडीत धूर झाले. हे एक आहे जे राहणार. आणि त्यातून मीच स्वतःले खरडून काढू? का, तर मुखरू मुकडदम हसंन म्हणून?

ब्लेड ठेवून देलं. भाऊले म्हणालो, "राहू द्या." भाऊ म्हणाले, "बाप मारंन." मी म्हणालो, "मारू द्या, जवळ तर येतीन."

फादरले होकार कळवला. पण कॅलेंडर छापून येईपर्यंत वाट पाहाची नाई. दवाखान्यात बाबाले दुसऱ्या कोणी दाखवाच्या आधी माह्या हातानं गेलेला बरा. म्हणून सोबत एक मोठा फोटो पाठवून राह्यलो, पुठ्ठ्यात घातला आहे, मोडू देऊ नको. आता दोन कागद नाईत. हे पुरं पत्र बाबाले वाच. चर्चाले चर्चच म्हण. मुखरूचंही वाच. दोन बोटाचं मागच्या पत्रातलं, तेही काढून वाच.

मंग ते जे म्हणतीन ते मले जसंच्या तसं लिही. गोड करू नको.

श्रावण


चंद्रपूर
२ एप्रिल १९८७

रामाजी बाबाले श्रावणचा जय भीम.

हे पत्र तुमालेच लिहून राह्यलो. अक्षर मुद्दाम मोठं काढलं आहे. रात्रीच्या वर्गात तुम्ही शिकले तेवढं मोठं. बाईले मधात घ्याचं काम नाई.

बाईचं पत्र आलं. तुम्ही फोटो दोन दिवस हातात घेतला नाई, तिसऱ्या दिवशी दारात उजेडाले नेऊन पाह्यला, आणि बाईले एकच गोष्ट विचाराले लावली. "हात जोडले होते तवा त्याच्या तोंडात काय होतं?" असं तुम्ही विचारलं.

बाबा, इतक्या दिवसानं तुम्ही मले काई विचारलं. वासेकर भाऊले मी ते पत्र दोनदा वाचून दाखवलं.

बाईनं खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, "लिहून दे का त्रिशरण म्हणत होतो. बाबा मानतीन, तुले घरात घेतीन." तिच्यावर रागावू नका. ती माह्यासाठीच म्हणते. मलेही ते सोपं होतं. त्या लोकाईचं ते म्हणत होते, मी आपलं म्हणत होतो, असं लिहिलं असतं तर कोण तपासाले जाणार होतं? फोटोत होठ दिसत नाईत.

पण तसं नव्हतं. माह्या तोंडात काईच नव्हतं. मी त्याईचं म्हटलं नाई, कारण मले ते येत नाई आणि माहं नाई. आपलंही म्हटलं नाई. मी नुसता चूप उभा होतो. समोर काई लोक त्याईच्या जिवाचं बोलून राह्यले होते आणि त्याईच्या मधात उभं राहाचं तर कसं उभं राहाचं, ते तुम्ही लहानपणी शिकवलं. तेवढंच केलं. मी पाणी घेतलं नाई, नाव बदललं नाई, कोणासमोर गुडघा टेकला नाई. ते लोक बसले तवा मी आरसा उचलला.

हे तुमाले पुरत नसंन तर नाई पुरत. याच्यावर मी काई जोडणार नाई.

तुमाले लाज वाटत असंन का सालभर तो फोटो दवाखान्यात राहीन. मले वाटत नाई. तुमाले कोणी विचारलं, का रामाजी, हा तुमचा पोट्टा चर्चात काय करते, तर सांगा, तो उजेड त्याचा आहे. नाईच सांगावं वाटलं तर नका सांगू. पण मुखरूनं विचारलं तर नक्की सांगा.

आता दुसरी गोष्ट. चौदा एप्रिलच्या आधी मी येऊन राह्यलो. वासेकर भाऊनं क्यामेरा, तिपाई आणि एक रील माह्या भरवशावर देली, असं ते कोणाले देत नाईत. जयंतीसाठी तुम्ही विहाराले चुना मारत असाल. बाबा, ते विहार तुम्ही आणि तुमच्या ग्यांगच्या लोकाईनं ड्युटीवरून येऊन येऊन बांधलं. विटा तुमच्या हाताच्या. आतून त्याचा एकही फोटो नाई. बाहेरून आहे, मिरवणुकीतला, त्यात अर्धा बैल आला आहे. लहान विहार, एक दार, एक खिडकी, आत अंधार, म्हणून कोणी काढत नाई. मले काढता येते. नवीन चुना असला का उजेड भिंतीवरून चांगला फिरते. दारात आरसा धराले बाईले उभी करू.

मले घरात घेता का नाई ते तुमचं तुम्ही ठरवा. मी पिशवी ओट्यावर ठेवीन आणि पहिले विहारात येईन. सकाळचं ऊन दारातून येते तवा काम सुरू करू, जेवण नंतर. तुम्ही मधात उभे राहा, मूर्तीच्या डाव्या बाजूनं, पांढरा सदरा घाला. हात जोडाचे का नाई ते मी सांगणार नाई. फक्त मी "झालं" म्हणेपर्यंत हालू नका.

तुमचा
श्रावण